ताकदीचं सलाईन

सात वर्षांपूर्वी माझा डावा स्तन काढला, केमो झाली, केस गेले, केस आले, आणि आमच्या ह्यांनी सगळ्या नात्यागोत्यात जाहीर करून टाकलं की आजार गेला. गेल्या वर्षी तो परत आला, तो थेट हाडांत आणि यकृतात. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट सांगितलं की हे औषध आजार घालवणार नाही, धरून ठेवेल. त्रास कमी होईल, थोडे बरे दिवस मिळतील.

ह्यांनी मान डोलावली आणि रिक्षात बसेपर्यंत सगळं विसरले. निदान तसं दाखवलं तरी. जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत पाय ठेवताच शेजारणीला म्हणाले, "अशक्तपणा आहे. ताकदीचं सलाईन लावणार आहेत." हा गृहस्थ पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होता, एकदा लिहिलेला शेरा खोडायची त्याला सवयच नाही. यावेळच्या औषधाने केसही फारसे गळले नाहीत, त्यामुळे थाप खपली. मला मात्र तिचा वीट आला होता. ज्याच्यापाशी मरणाबद्दल दोन शब्द बोलावेत, तोच रोज सकाळी "आज तरतरी दिसतेय हं" म्हणायचा. राग यायचा, आणि कीवही यायची.

त्यातच केम गावाहून माझ्या धाकट्या नणंदबाई आल्या. शेळ्या सुनेच्या हवाली करून, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. माझं तोंड आलेलं, त्यामुळे चटणीच्या वासावरच समाधान मानलं. दुसऱ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, सलाईनला मीबी येते. ह्यांनी ऊन सांगितलं, गर्दी सांगितली, त्यांचे गुडघेही सांगून पाहिले. तोवर वन्सं रिक्षात जाऊन बसल्या होत्या.

दवाखान्यात मला सुई टोचली, थेंब सुरू झाले. वन्संनी बाटलीकडे बराच वेळ पाहिलं. मग शेजारची रिकामी खुर्ची पदराने झाडली, ऐसपैस बसल्या, बाही वर सारली आणि सिस्टरला म्हणाल्या, "मलाबी एक लाव की गं. आलेच हाय तर. गुडघं लई दुकत्यात."

सिस्टरने ह्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला त्यांना सोडवता आलं असतं, पण नाही सोडवलं.

"लावा की हो," मी म्हटलं. "ताकदीचंच आहे ना? आमचे हेच सांगतात सगळ्यांना."

"दादा, सांग की तिला," वन्संनी हात पुढे केला.

ह्यांनी मांडीवरची फाईल खाली ठेवली. "ते ताकदीचं नाही गं. कॅन्सर परत आलाय. आता तो जायचा नाही. हिला थोडे दिवस मिळावेत म्हणून लावतात."

आणि माझ्याकडे बघत राहिले, जणू मलाच पहिल्यांदा सांगत होते. सुई नसलेला हात मी पुढे केला, तो त्यांनी घट्ट धरला. मला रडू आलं, आणि कितीतरी महिन्यांनी हलकं वाटलं.

वन्संनी बाही खाली ओढली. मग भावावर उखडल्या.

"मग दादा, हे आदी सांगायचं न्हाय व्हय? मी दोनच लुगडी आनल्यात."