मामानं फाडलेलं विमान

माझा मामा शिवपुत्र वळसंगचा. सोलापूरच्या एका कापडगिरणीत तो अकरा वर्षं बदली कामगार होता. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर आत घ्यायचे, सगळे आले तर भरला डबा घेऊन घरी. अकरा वर्षं! दुसरा एखादा भांडला तरी असता. मामाला मालकापुढं शब्दच फुटत नसे, आणि याचा मला लहानपणापासून राग यायचा.

पण घडीखात्यात, म्हणजे तयार कापड तपासून घड्या घालतात तिथं, मामाच्या अंगठ्याला मान होता. तिथली एक रीत होती. कुजकं कापड सापडलं की तोंडानं सांगत बसायचं नाही, अंगठा घालून तिथंच फाडायचं. एकदा फाडलं की कुणी शिक्का मारून ते चांगल्या मालात ढकलू शकत नसे. मामासारख्या मुखदुर्बळ माणसाला ही रीत फार सोयीची होती.

१९७४च्या हिवाळ्यात गिरणीच्या धाकट्या मालकांनी विमान घ्यायचं डोक्यात घेतलं. भोपाळच्या एका ठेकेदाराकडचं, जुनं, दोन माणसांचं. ते स्वतः चालवणार होते. इंजिन एका जाणकारानं पाहून पसंत केलं होतं. पण त्याचे पंख म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं सुती कापड आणि वरून रंग. थोरले मालक, म्हणजे त्यांचे वडील, म्हणाले, "कापड आपला शिवपुत्र बघून येईल. तो हो म्हणाला तरच घ्यायचं."

मामानं तोवर विमान पाहिलं होतं ते रानात उभं राहून, मान वर करून.

स्टेशनवर तिकीट द्यायला धाकटे मालक जातीनं आले. तेवीस वर्षांचे, अंगात नवा कोट. मामाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "शिवपुत्र, होकार घेऊनच ये. एक तारखेपासून तू कायम." मामा नुसता "व्हय मालक" म्हणाला. गाडी हलली आणि मामा अडकला. थोरल्यांना खरं हवं होतं, धाकट्यांना होकार. घरी दानम्मामामी आणि तीन मुली रोज सकाळी डबा परत येतो की काय, म्हणून वाटेकडं बघत असायच्या. दौंड गेलं, मनमाड गेलं, मामाच्या पोटात अन्न काही गेलं नाही.

भोपाळला ठेकेदाराचा मॅनेजर उतरवून घ्यायला आला, तो मामाला चिकटूनच राहिला. चहाला बरोबर, जेवायला बरोबर. झोपायची खोलीसुद्धा त्याच्याच कचेरीच्या मागं. मामाला कानडी येत होतं, मराठी येत होतं आणि आपली सोलापुरी दखनी हिंदी. ती ऐकून तिथला टांगेवाला हसायचाच थांबेना. मग मामानं बोलणंच सोडलं. परतीचं तिकीट 'आरक्षण करून देतो' म्हणून मॅनेजरनं घेतलं, ते त्याच्याच खिशात राहिलं.

विमान एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. लालभडक, चकचकीत. मामानं नखानं टिचक्या मारत उजवा पंख तपासला. कापड टणटण वाजलं. डाव्या पंखावर छताच्या फुटक्या पत्र्यातून ऊन पडत होतं. तिथं टिचकी मारली, आवाज बसका आला. किती वर्षं ऊन आणि पाणी खाल्लेलं कापड ते, वर ताज्या रंगाचे हात. मामाला कळलं. पण अंगठा घातला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं कागद पुढं केला. मजकूर तयार होता : कापड तपासलं, ठीक आहे. मामानं सही केली. हो, केली! मी काही त्याला देव करून सांगत नाही. कायम व्हायचं होतं, सही केली.

काम झाल्यावर मॅनेजर खुलला. आत बसून बघा म्हणाला. मामा पुढच्या खुर्चीत बसला. मॅनेजर हसत सांगू लागला, तुमचे धाकटे मालक मागच्या महिन्यात आले होते, याच जागी तासभर बसले, तोंडानं घर्र घर्र आवाज काढत होते, उतरायलाच तयार नव्हते.

मामाही हसला. खाली उतरला, डाव्या पंखापाशी गेला आणि त्यानं अंगठा घातला. कापड वीतभर फाटलं.

मॅनेजरनं आकाशपाताळ एक केलं. सही करून माल फाडतोस? तुझ्या मालकांचा ट्रंक कॉल येईपर्यंत हलायचं नाही, म्हणत त्यानं शेडला बाहेरून कुलूप घातलं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मामा आत होता. त्यानं दार ठोठावलं, हाका मारल्या, शेवटी पंखाखाली बसला. "तवा मला कायमबी नगं हुतं आन सोलापूरबी," तो पुढं सांगायचा. "निस्तं कुनीतरी दार उगडावं, येवडंच वाटत हुतं."

फोन आला, दार उघडलं, पण तिकीट मॅनेजरनं दोन दिवसांनी परत दिलं. मामा सोलापुरात पोचला तेव्हा त्याच्याआधी तो सहीचा कागद टपालानं पोचला होता.

थोरल्यांनी त्याला कचेरीत बोलावलं. धाकटे खिडकीशी उभे होते. मामा यायच्या आधी त्यांनी बापाला पटवलं होतं की कापड चांगलंच आहे, यानं अडाणीपणानं फाडलं, ठिगळ लावलं की झालं.

"शिवपुत्र, ही सही तुझीच ना?"

"माजीच हाय मालक."

"मग कापड चांगलं होतं?"

आयुष्यात पहिल्यांदा मामा मालकापुढं बोलला. "न्हाय मालक. कापड कुजकं हाय. सही खोटी हाय."

"खोटी सही का केलीस?"

"कायम हुईन म्हणून."

थोरल्यांनी कागद बाजूला सारला. "तुला कायम करतो असं कुणी सांगितलं होतं?"

मामा थांबला. मग म्हणाला, "कुनी न्हाय. माजं मलाच वाटलं."

थोरल्यांनी मुलाला सांगितलं, विमान घ्यायचं नाही. आणि मामाला म्हणाले, "खोटी सही करणारा माणूस मला घडीखात्यात नको. पास ठेव इथं." मामानं बदलीचा पास टेबलावर ठेवला.

पुढं त्यानं बाजारात हमाली केली, मुलींची लग्नं केली. धाकटे मालक मोटारीतून जाताना दिसले की माझं डोकं फिरायचं. एकदा मी मामावरच उखडलो. "त्यांचं नाव घेतलं असतंस तर नोकरी तरी राहिली असती! का नाही घेतलंस?"

मामा म्हणाला, "बापाम्होरं हुबं हुतं रं पोरगं. मी थांबलो हुतो की जरा. मला वाटलं, त्योच सांगंल."