घरधनी नाही म्हणाला

कोडोलीच्या पूर्णिमा कांबळेनं नर्सिंगचा कोर्स केला होता, पण कायमची नोकरी मिळेना. म्हणून २००३ साली ती एका संस्थेच्या पाहणीच्या कामाला लागली. कुणाला ऑपरेशनची गरज आहे आणि ते झालेलं नाही, हे घरोघर विचारून मोजायचं. उत्तर मात्र घरधन्याचंच धरायचं, असा नियम.

शिरोळकडच्या एका वस्तीवर आकाराम नावाच्या शेतकऱ्यानं घराच्या पुढच्या सोप्यात बसूनच सांगितलं, "आमच्यात कुणाला काय न्हाय."

त्याची बायको चिमणाबाई दाराशी उभी होती. बसा म्हटलं तरी बसेना. पूर्णिमा पाणी प्यायचं निमित्त करून तिच्यामागं परसात गेली.

"काय होतंय, वहिनी?"

"अंग बाहेर येतंय. धाकट्याच्या बाळंतपणापासनं. कापड कोंबून रानात तण भांगलायला जाते."

तिनं दाखवलं. बाहेर उतरलेल्या गर्भपिशवीची कातडी सोलवटून चिघळली होती, कापडाला घाण वास मारत होता. सोप्यात आकाराम निवांत सुपारी कातरत होता. पूर्णिमाला त्या माणसाची किळस आली.

संध्याकाळी तिनं हे सांगितल्यावर सुपरवायझर म्हणाले, "घरधनी नाही म्हणालाय ना? मग नाहीच धरा. बायकांचं ऐकत बसलो तर आकडे फुगतील."

पाहणी संपल्यावर कोल्हापुरात एका हॉटेलात निष्कर्ष सांगितले. या भागात बायकांच्या ऑपरेशनची गरज फारच कमी आढळली म्हणे. टाळ्या झाल्या. मग सगळे तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर तुटून पडले. पूर्णिमा न जेवताच निघाली. दुसऱ्या दिवशी तिनं शिरोळची एसटी धरली आणि चिमणाबाईला ऑपरेशनला न्यायचंय, असं आकारामला सांगितलं.

"भांगलणीच्या दिवसांत ही खाटेवर पडली तर कसं व्हायचं?" आकाराम म्हणाला.

तेवढ्यात त्याची म्हातारी आई बयाबाई आतून आली. "जाऊ दे तिला. मी बी असंच कोंबून जल्म काढलाय."

आकाराम दारातून बाजूला झाला. आईचं हे दुखणं त्याला आज पहिल्यांदाच कळलं होतं.

पूर्णिमानं दोघींना सरकारी दवाखान्यात नेलं. चिमणाबाईचं ऑपरेशन नीट झालं. बयाबाईच्या हृदयाला आता भूल सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हातारी तशीच घरी परतली.

टाके निघायच्या आधी आकाराम वॉर्डात आला. बायकोकडं न बघता त्यानं पूर्णिमाला विचारलं, "ही रानात कधीपासनं येईल?"

 पूर्णिमानं तोंड उघडायच्या आधी चिमणाबाईच बोलली.

"मला इचारा की. हितंच हाय मी."