बोट दाखव

"तोंड नको दाखवू, बोट दाखव."

आमच्या जिन्यावर रोज दुपारी हे वाक्य ऐकू यायचं. नवखा माणूस दचकायचा. मी घरमालक, मला सवय झाली होती.

बाई जठारपेठेतल्या आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायच्या, एकट्याच. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली आणि खेड्यांतली पहिली-दुसरीची मुलं व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडे वाचायला आली. खोलीत रेंज नव्हती, जिन्यावर होती. म्हणून शाळा जिन्यावर. मला भाजी आणायला जायचं तरी पहिलीचा वर्ग ओलांडून जावं लागे.

त्यांची रीतच न्यारी. मुलानं मोबाइल डब्याला टेकवून पुस्तकाकडे वळवायचा आणि शब्दाखाली बोट ठेवून वाचायचं. पुस्तक नसेल तर बिस्किटाचा पुडा चाले, खताची थैलीही चाले.

"तोंड खोटं बोलते, भाऊ," त्या म्हणायच्या. "पाठ केलेलं घडाघडा म्हणते. बोट अडलं की समजते, पोरगं कुठं अडलं."

त्या सगळी मुलं बोटांवरूनच ओळखायच्या. चेहरा एकाचाही पाहिला नव्हता. वर्ग संपला की काळ्या पडलेल्या मोबाइलकडे बघत पायरीवर बसून राहायच्या. चहाला बोलावलं तर "येतो न भाऊ" म्हणायच्या. आल्या कधीच नाहीत.

कापूस फुटला त्या दिवसांत बार्शीटाकळीकडच्या एका मुलीच्या पुस्तकावर भलतंच बोट आलं. जाड, भेगाळलेलं. मागे तान्हं बाळ रडत होतं.

"कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"तिची माय होय, बाई. मी बाळंतीण. पोरगी कापूस येचाले गेली. तिचं नाव नका काटू."

बोंडअळीनं खाऊन उरलेला कापूस, त्याला मजूर कुठून लावणार? मला वाटलं, बाई आता झापतील.

"तुमाले वाचता येते?"

"नाही जी."

"मग ठेवा बोट. दुपारी तुमी शिका, संध्याकाळी तिले शिकवा."

मला हसू आलं. म्हटलं, "बाई, हे तर उंटावरून शेळ्या हाकणं झालं."

"शेळ्या चालून राहिल्या न?" त्या म्हणाल्या.

वेचणीभर ते बोट येत राहिलं. आधी एकेका अक्षरावर रुतायचं, मग सरकू लागलं. बाकीची मुलं गेल्यावरही बाई त्याच्यासाठी थांबायच्या. तेवढा वेळ त्या मोकळ्या हसायच्या.

शाळा उघडल्या, मोबाइलचा वर्ग बंद झाला. तरी दुपारी बाई जिन्यावर येऊन बसायच्या. मला बघवत नसे. पुढे त्यांना ताप आला. भावानं अमरावतीला दवाखान्यात नेलं आणि त्या तिथेच वारल्या. काही महिन्यांनी मी खोलीच्या दारावर पाटी लावली.

एक दिवस फाटकाशी एक बाई आली. कडेवर मूल, सोबत मुलगी.

"वाचाची बाई इथंच राह्यते न? पत्ता त्याइनंच देल्ला होता. आमी एकमेकीचं तोंड नाही पायलं अजून."

बोट पाहिलं आणि मी ओळखलं. मी नुसताच वर हात केला. ती हसत जिना चढली. मी मागून गेलो.

दारापुढे ती थांबली. पाटीखाली तिनं बोट ठेवलं.

"खो-ली... भा..."

"ड्या," मुलगी म्हणाली.

"भाड्याने... देणे आहे."

"माय, मंग बाई कुठं हाये?"

बोट शेवटच्या शब्दाखाली अडलं, ते तिथेच राहिलं.