लेले मास्तरांच्या काचेवरचं शेवाळ

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आमच्या लोणावळ्याच्या शाळेत मास्तर सात होते, त्यातला एक मी, आणि किस्से सातशे. एक सांगायला घ्यावा तर मागून चार येतात. त्यातले निम्मे एकट्या लेले मास्तरांचे.

त्यांच्या सुमीचा पाय मोडला होता. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, "आता चालू दे." पण नऊ वर्षांची पोर धास्तावलेली, पाऊल टेकवेना. तिचा जीव रमावा म्हणून मास्तरांनी बंगला विकून निघालेल्या पारशी शेटजींकडून माशांची काचेची टाकी आणली, खाटेशी मांडली. पंधरा दिवसांत काच शेवाळानं हिरवीगार! मासे दिसेनात, तशी सुमी भिंतीकडे तोंड करून पडू लागली. बघवत नसे.

मी म्हटलं, "फडक्यानं पुसा की."

मास्तर शास्त्र शिकवायचे. म्हणाले, "नदीत कोण फडकं घेऊन बसतं? शेवाळ खाणारा मासा असणारच. मी तो आणणार." झालं! आता ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत.

*

मास्तर जन्माचे शाकाहारी. बाजारात कोळणीला विचारलं, "मावशी, यातला पालेभाजी खाणारा कुठला?"

ती म्हणाली, "मासा कसा लागतो ते समदी इचारत्यात. मासा काय जेवतो ते तुमीच पैल्यांदा इचारलं."

*

पहिला मासा त्यांनी आणला तो गरीब दिसतो म्हणून. ते निघालं मरळीचं पिल्लू. शेवाळ जागच्या जागी राहिलं, टाकीतले तीन मासे मात्र कमी झाले.

मास्तरांनी वहीत लिहिलं, 'चेहऱ्यावर जाऊ नये.'

*

शेवटी जवळच्या औंढे गावचे धोंडूआबा म्हणाले, "वढ्यात दगडाला चिकटून ऱ्हातो त्यो मळ्या आना. दगड चाटून लख्ख करतो."

मास्तर धोतर खोचून दोन रविवार ओढ्यात उभे राहिले. पाच मळ्या मिळाले. पण आठवडा झाला तरी एकही काचेला तोंड लावीना.

कारण घरातच होतं. डोहातल्या माशांना पुण्यासाठी कणकेच्या गोळ्या घालतात ना, तशा लेले काकू लेकीच्या पायासाठी रोज टाकीत घालत होत्या. सुमीला भेटायला येणाऱ्या बायकाही आपापली कणीक घेऊन यायच्या. मासे तट्ट फुगलेले.

मास्तर म्हणाले, "पुण्य नदीवर करा. हे मासे नोकरीला आहेत."

काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कणकेचा डबा घेऊन इंद्रायणीवर गेल्या.

*

उपाशी मासे कामाला लागले, पण खिडकीच्या बाजूनं. ती काच स्वच्छ झाली, खाटेकडची तशीच हिरवी.

एका सकाळी मी खिडकीपाशी उभा राहून म्हटलं, "मास्तर, पाचही काचेला चिकटलेत. तोंडं हलताना दिसतायत."

सुमीनं मान वळवली. "मला पण बघायचंय."

चार महिने हट्टाला पेटलेला तो माणूस एका शब्दानं हरला. खुंटीवरचं फडकं घेतलं, बाही वर केली. "थांब, इकडून पुसून देतो."

"नको नाना, हात घातलात तर पळतील," सुमी म्हणाली. "मीच येते तिकडं."

आणि खाटेची कड धरून ती खाली उतरली.