पूजेआधीची बोरं

पहिल्या सेमिस्टरचा निकाल मोबाइलवर आला तेव्हा मी बराकपूरच्या आमच्या घराच्या गच्चीत होते. माझी किंकाळी गंगा ओलांडून पलीकडच्या श्रीरामपूरला ऐकू गेली, आणि तिथल्या घाटावरची माणसं कोण बुडतंय ते बघायला पाण्यात उतरली, असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणते.

बुडत मात्र खरंच होते. बारावीला शाळेत पहिली आलेली मी, कोलकात्यातल्या चांगल्या नावाच्या विद्यापीठात अर्थशास्त्र घेऊन बसले होते, आणि ग्रेड अशा की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. गणितात काठावर पास. आमचे गणिताचे सर फळ्याशी बोलायचे, फळा त्यांना मान डोलवायचा, आणि सगळा वर्ग फळ्याच्या बाजूने होता. मी एकटी खिडकीतल्या कावळ्याकडे बघायचे. त्यालाही काही कळत नसावं. तास अर्धा झाला की तो उडून जायचा. मला पंख नव्हते.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि मिरजेच्या आत्याला फोन लावला. आत्याच्या घराजवळ कॉलेज आहे, तोवर तिच्याकडे राहून अभ्यास करायचा आणि जूनपासून तिथे नव्याने सुरुवात करायची, असं त्या दोघांत ठरलं. तिकीटसुद्धा काढून झालं. मला कोणी विचारलं नाही.

आता मिरज वाईट नाही. पण आमचे आजोबा नोकरीसाठी इथे आले, बाबा इथे जन्मले, मी इथे जन्मले. सुट्टीत मिरजेला गेले की आत्येभावंडं मला मध्ये बसवून बोलायला लावायची आणि हसायची. घरात आईकडून शिकलेलं माझं मराठी, त्याला बंगाली हेल. पंधरा दिवस जत्रेतलं अस्वल होणं जमतं, तीन वर्षं नाही जमत. शिवाय हरून जायचं होतं. आत्या रोज जेवताना माझ्याकडे मायेने बघणार, आणि त्या मायेचा घास माझ्या घशाखाली उतरणार नव्हता.

एकच फट दिसत होती. सॉल्ट लेकमधल्या दुसऱ्या एका विद्यापीठात दुसऱ्या सेमिस्टरला काही जागा रिकाम्या होत्या. माझ्यासारख्या पडलेल्या-झडलेल्यांसाठी लेखी परीक्षा आणि मुलाखत. बाबांनी नाइलाजाने होकार दिला. जागा मिळाली तर तिकीट रद्द, नाही तर गाडीत बसायचं. परीक्षेची तारीख होती सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवसाची. ही तारीख ठरवणारा माणूस बंगाली असणं शक्यच नव्हतं.

तोवर आमच्या घरमालकीणबाईंनी माझ्या ग्रेडचं निदान करून टाकलं होतं. त्या वरच्या मजल्यावर राहतात. थोरल्या काकूला बंगालीत जेठीमा म्हणतात, तशा त्या आमच्या सगळ्यांच्या जेठीमा. बंगाल्यांत सरस्वतीची पूजा होईपर्यंत विद्यार्थ्याने बोर तोंडात घालायचं नाही, घातलं की नापास. आणि आमच्याकडे बोरांशिवाय संक्रांत होत नाही. सुगडात बोरं, वाणात बोरं, लहान मुलांच्या तर डोक्यावरून बोरं ओततात. त्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला मी एकटीने एवढी बोरं खाल्ली की बियांचा ढीग पाहून म्युनिसिपालिटीची गाडी थांबली.

मी म्हटलं, जेठीमा, पेपर तर संक्रांतीच्या आधीच झाले होते.

"पेपर झाले होते, मा, तपासून कुठे झाले होते?" जेठीमा म्हणाल्या. लेकीसारख्या मुलीला बंगालीत लाडाने मा म्हणतात.

जन्मल्यापासून दर संक्रांतीला खातेय, मग बारावीला पहिली कशी आले, असंही विचारलं. तर म्हणे देवी सोशिक आहे, इतकी वर्षं तिने वाट पाहिली.

मी हसले. आई त्याहून मोठ्याने हसली. माझी आई सत्यनारायणाला जाते ती फक्त शिऱ्यासाठी. मांजर आडवं गेलं तर थांबून त्याला दूध घालणारी बाई. म्हणूनच पूजेच्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तेव्हा मला आधी चोर आले असं वाटलं. टेबल रिकामं. गणिताचं पुस्तक नाही, वह्या नाहीत, इतके दिवस सोडवलेल्या प्रश्नपत्रिका नाहीत, पेनसुद्धा नाही.

आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. "वर नेऊन ठेवलंय सगळं," ती म्हणाली. "देवीच्या पायाशी."

"आई, उद्या परीक्षा आहे."

"म्हणूनच ठेवलं ना." तिने वळून पाहिलं नाही. पण तिचा आवाज असा आला की मला भांडता येईना. मिरजेच्या तिकिटाचं मला एकटीलाच भय होतं असं मी समजत होते.

तरी मी तशीच जिना चढले. जेठीमांच्या बैठकीत पिवळ्या फुलांत पांढरीशुभ्र देवी बसलेली, आणि तिच्या पावलांशी, आळीतल्या सगळ्या पोरांच्या पुस्तकांच्या खाली, अगदी तळाला, माझं गणित. जेठीमा शेजारी विळी घेऊन प्रसादाची फळं चिरत होत्या. मी हात पुढे केला आणि विळी थांबली. त्यांनी सांगितलं, उद्या सकाळी दहीपोह्यांचा नैवेद्य होईल, मुलं बेलाच्या पानावर देवीचं नाव लिहितील, मग पुस्तकं उचलायची. आज वाचणं नाही, लिहिणं नाही, पंचांगसुद्धा उघडायचं नाही. सकाळी नैवेद्य होईपर्यंत मी परीक्षेच्या बाकावर बसलेली असणार होते.

वर्गातल्या मुलींना फोन केले, नोट्सचे फोटो पाठवा म्हणून विनवलं. अख्खं कोलकाता पिवळ्या साड्या नेसून हिंडायला निघालं होतं. एकीने "पागोल नाकि?" एवढंच विचारून फोन ठेवला, म्हणजे वेडी आहेस का. ते बरोबरच होतं.

आता शहाणे लोक म्हणतील, मोबाइल होता ना? होता. त्यावर जगातलं सगळं गणित होतं. मी तो हातात घेऊन जेठीमांच्या जिन्यावर बसले, आणि माझा अंगठा पुढे सरकेना. बोरांना हसणारी मी. आधी बोरं खाल्ली, मग हसले, आता तिसऱ्यांदा देवीला डिवचायची माझी हिंमत नव्हती. मी तिथेच रडायला लागले, आणि हे मी जराही वाढवून सांगत नाहीये.

जेठीमा बाहेर आल्या. वाचायला मनाई आहे, बोलायला कुठे आहे, म्हणाल्या, आणि मला आत नेऊन समोर बसवलं. काय असतं त्या पुस्तकात, सांग मला.

मग मी सांगत सुटले. सांगणं हा तर माझा धंदा. डेरिव्हेटिव्हला मी बराकपूरहून सियालदाला जाणारी गाडी केलं, कुठल्या क्षणी किती वेगात आहे ते विचारणारी. मॅट्रिक्समध्ये पंक्तीची पानं मांडली. जेठीमा रोज टीव्हीवर खुनाच्या मालिका बघतात, त्यामुळे धागा सुटला की त्यांना लगेच कळायचं. हा मघाशी कुठे होता, हा अचानक कुठून आला, असं त्या विचारायच्या. आणि जिथे त्या अडवायच्या नेमकं तिथेच मला येत नसायचं. सेमिस्टरभर मी ते पाठांतराने झाकलं होतं. मग मी परत मागे जायचे, डोकं धरून आठवायचे, कधी सापडायचं, कधी नाही.

मागणीवर आलो. किंमत वाढली की लोक वस्तू कमी घेतात, मी म्हटलं. हिल्सा माशाचं काय करता, भाव वाढला की कमी खाता? जेठीमांना प्रश्नच अपमानाचा वाटला. मग तुमच्या मागणीची रेघ सरळ उभी, काठीसारखी, मी सांगितलं. त्यांनी विचार केला.

"माझी उभी असेल, मा. पण आमच्या कामवालीने हिल्सा कधीच सोडला. तिची आणि माझी मिळून एक रेघ कशी काढतेस तू?"

मला उत्तर आलं नाही. संध्याकाळी आरती झाली तरी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेखी पेपर जेमतेम गेला. गाडीचा प्रश्न आला, पानांचा आला, बाकी अंधार. मुलाखतीला तिघं होते. मधल्या बाई, चष्मा साखळीला अडकवलेला. आदल्या सेमिस्टरचं काय झालं या प्रश्नासाठी मी दोन डेंग्यू आणि एक टायफॉइड तयार ठेवला होता. पण त्यांनी वेगळंच विचारलं, काल किती अभ्यास केला. मी म्हटलं, काही नाही, पुस्तकं देवीपाशी होती.

शेजारचे गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत, त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तारीख बदला म्हणून मी सांगत होते." मग मला विचारलं, दिवसभर काय केलं. मी हिल्सा सांगितला. जेठीमांचा प्रश्नही सांगितला, आणि त्याचं उत्तर मला येत नाही, रात्रभर येत नव्हतं, हेही सांगितलं. टायफॉइड तोंडापर्यंत आलेला गिळला.

बाईंनी माझी फाइल मिटली. "नका शोधू लगेच," एवढंच म्हणाल्या, आणि मला जायला सांगितलं. याचा अर्थ काय लावायचा? घरी येताना मी तो अर्थ शंभर वेळा लावला, आणि प्रत्येक वेळी शेवटी मिरजच आली.

आईने बॅग भरायला घेतली होती. एक कपडा घालायची, दोन काढायची. यादी लागली तेव्हा माझं नाव सगळ्यात खाली होतं, इतकं खाली की मोबाइलच्या पडद्याबाहेर सांडायचं बाकी होतं. बाबांनी तिकीट रद्द केलं आणि चहाचा कप न विसळताच उठले. जेठीमांनी बोरांची आंबटगोड चटणी पाठवली. पूजा झालेली होती, आता चालत होतं. मी ती वाटी चाटूनपुसून खाल्ली.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. ग्रेड सांगण्यासारख्या नाहीत, पण लपवण्यासारख्याही नाहीत. यंदा संक्रांतीला आईने सुगडं पुजली, मी सवयीने एक बोर उचललं. शिऱ्यासाठी सत्यनारायणाला जाणारी माझी आई, तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि परत सुगडात टाकलं.

"शेवटचे पेपर तपासून होऊ दे," म्हणाली.