डावीकडून तिसरा चोर

माझा थोरला भाऊ वसंता महागावात रोज संध्याकाळी पोलिसांच्या गोळीने मरत असे. बाजाराच्या दिवशी दोनदा.

हे सगळं माझ्या हौसेपायी घडलं. साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. कापसाचा हंगाम सरला की आमच्या बाजाराच्या मैदानात फिरत्या सिनेमाचा तंबू लागे. एरवी त्यात देवादिकांचे सिनेमे यायचे, पण त्या वर्षी चोर-पोलिसांचा आला. मी तेव्हा नुकताच कापसाच्या जिनिंग कारखान्यात लागलो होतो आणि चोर-पोलीस म्हटलं की माझं चित्त ठिकाणावर नसे. तिजोऱ्या, शिट्ट्या, छपरांवरची पळापळ! आमच्या गावचा हवालदार सायकलवरून उतरताना पडायचा, त्यामुळे धावणारा पोलीस नुसता पाहायला मिळणं हीच चैन होती. शेवट तर काही औरच आहे, असं यवतमाळला पाहून आलेले सांगत. "खबरदार, कोणी शेवट सांगसान तं," असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं. (लोक शब्दाचे इतके पक्के निघतील असं वाटलं नव्हतं.)

एकट्याने जाणं बरं दिसेना, म्हणून मायला बरोबर घेतलं. वसंता बाबांशी भांडून सिनेमात काम करायला मुंबईला गेला, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. बाबा म्हणाले होते, "जाय. मंग तोंड नोको दाखवू." घरातलं तेवढं एकच सांगणं त्याने आयुष्यात ऐकलं. पत्र नाही, निरोप नाही. माय जेवायला बसायची आणि नुसती ताटाकडे पाहत राहायची. तिला जरा विरंगुळा होईल, असा माझा विचार होता.

तंबूत बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये दोर. चोरांची टोळी गोदामात जमली आणि बायकांच्या बाजूने मायने मला हाक मारली.

"सुधा, आपला वसंता!"

डावीकडून तिसरा चोर. गळ्यात रुमाल, हातात बॅटरी, तोंडात शब्द नाही. तोंड दाखवू नको म्हटल्यावर पठ्ठ्याने ते चांगलं पुरुषभर उंच करून दाखवलं होतं. मी निरखून बघेपर्यंत शिट्ट्या वाजल्या आणि माय उभी राहिली.

"पय रे वसंता, पय! पोलीस आले!"

सारा तंबू हसला. वसंता पळाला, छपरावर चढला, गोळी लागली आणि खाली कोसळला. माय मटकन खाली बसली. मग कसला शेवट आणि कसलं काय. मी तिला धरून घरी आणलं.

"खोटं असते माय ते," मी रस्ताभर सांगत होतो. "उद्या येऊन पाह्य, जिता दिसन तो."

हे वाक्य मला चांगलंच नडलं. दुसऱ्या दिवशी वसंता खरोखर जिवंत होता. मायचा चेहरा उजळला. पण शिट्ट्या वाजायच्या आत दोराच्या पलीकडून हाक आली, "सुधा, चाल. गोयी लागाच्या आंधी घरी जाऊ." मग रोज तेच. टोळी जमली की मी चपला शोधायला लागायचो. एकदा म्हटलं, तू जा, मी शेवट पाहून येतो. माय म्हणाली, "तुले भावाचं मरण पाहावते?"

घरी बाबा जेवता जेवता, कोणी विचारलं नसताना, म्हणायचे, "वसंत्याचे कान एवढे मोठे नाही." मला तो एके दिवशी वसंता वाटे, दुसऱ्या दिवशी कोणी परका. पण माय पुन्हा पोटभर जेवायला लागली होती, म्हणून मीही त्याला वसंताच म्हणत होतो.

तंबू उठायच्या आदल्या दिवशी मायला मूळ रोग सापडला. "एवढे लोक रोज पोराकडे डोये फाडून पाहून राह्यले. नजर नाही लागन तं काय होईन?"

पदराखाली मूठभर मीठ आणि सुक्या मिरच्या घेऊन ती आली. टोळी जमली तशी उठली आणि थेट पडद्यापाशी गेली. तिची मूठ चोरांच्या तोंडांवरून भलीमोठी सावली होऊन फिरू लागली. "ओ बाई, बसा खाली," लोक ओरडत होते. मी दोर ओलांडायला गेलो आणि दोरातच अडकून पडलो. मायने शांतपणे दृष्ट काढली, तंबूच्या दारात गेली आणि तिथल्या चहावाल्याच्या शेगडीत सगळ्या मिरच्या टाकल्या.

वारा आतल्या बाजूला होता. पहिला ठसका बंदोबस्ताला उभ्या हवालदाराला लागला. त्याने शिट्टी तोंडात घातली, तिच्यातून खोकला वाजला. मग सगळा तंबू खोकू लागला, आणि नेमका तेव्हाच वसंता छपरावरून पडला. माय दारात उभी होती. तिने मागे वळून पाहिलं. पाचशे माणसं डोळे पुसत होती.

"पाह्य सुधा," ती म्हणाली, "कसे रडून राह्यले सारे माह्या वसंतासाठी."

नजर लागली असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही, असं आमच्याकडे मानतात. इतका ठसका आला, म्हणजे पोर सुखरूप होतं. त्या खात्रीवर माय पुढची सगळी वर्षं जगली.

सिनेमा अर्थातच बंद पडला. लोक बाहेर पळाले. मी आत गेलो तर पार मागे, तोंडावर उपरणं घेतलेला एक माणूस तसाच बसून होता. बाबा होते. धूर केव्हाच विरला होता.

"मिरची लागली," ते म्हणाले. मग उपरणं खांद्यावर टाकत म्हणाले, "कान त्याचेच हायेत."

वसंता काही आला नाही. माय गेली, बाबा गेले. मी म्हातारा झाल्यावर एका दुपारी तोच सिनेमा टीव्हीवर लागला. "बसा जी आता, पाहा एकदाचा शेवट," म्हणत बायकोने मला समोर बसवलं. टोळी जमली. डावीकडून तिसरा होताच, पंचविशीतला. पहिली शिट्टी वाजली आणि मी उठून टीव्ही बंद केला.

"काहून बंद केला? अन् डोये कायले पुसता?"

"मिरचीचा ठसका लागला," मी म्हणालो.

"आज तं साखरभात हाय," ती म्हणाली.