पूर्णविरामाच्या अलीकडे आणि पलीकडे

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना पत्त्यांच्या दुकानात सगळे वहिनी म्हणत. कारण साधं होतं. त्या तिथे पहिल्यांदा गेल्या त्या त्यांच्या धाकट्या दिराबरोबर, आणि तो त्यांना वहिनी म्हणायचा.

हे पत्ते म्हणजे बदाम-इस्पिक नव्हेत. यात प्रत्येक पत्त्यावर एखादा योद्धा किंवा राक्षस, म्हणजे मोहरा, आणि त्याखाली बारीक अक्षरांत त्याचा नियम. दुकानाच्या माडीवर दर रविवारी स्पर्धा व्हायची. एका रविवारी दिराची गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून वहिनी त्याला सोडायला गेल्या आणि तिथेच खुर्ची ओढून बसल्या. खेळापेक्षा भांडणंच जास्त चालली होती. "माझ्याच पत्त्याने माझाच मोहरा कसा मरेल?" असा एकच गलका. वहिनींनी वाकून पत्ता वाचला आणि म्हणाल्या, "अहो, 'एक मोहरा बाद करा' लिहिलंय. 'समोरच्याचा' कुठे लिहिलंय? समोरच्याकडे मोहरा नसेल तर तुमचाच जाणार."

भांडणाऱ्याने आपला मोहरा उचलून बाजूला ठेवला. दुकानदारांनी मान वर करून पाहिलं. पुढच्या रविवारी त्यांनी नियमांचं पुस्तक वहिनींच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "पंच व्हाल का? माझा घसा बसलाय ओरडून ओरडून."

वहिनींना ते आवडलं. नवख्याला चौकात गाडी घालायला सांगताना शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होतं, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. त्या पत्ता आधी मोठ्याने वाचत, मग निकाल देत, आणि दिलेला निकाल कोणी डोळे वटारले म्हणून फिरवत नसत.

मग आली वर्षाची अंतिम फेरी. एका बाजूला दीर, दुसऱ्या बाजूला औषधांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी. दीर जिंकत आलाच होता. तिचा शेवटचा पहारेकरी त्याने उडवला आणि तो खुर्चीत मागे रेलला. मुलीने पहारेकरी शांतपणे उचलून पुन्हा मैदानात ठेवला.

"ए, हे काय?" दीर उसळला. "वहिनी, इकडे ये जरा!"

वहिनींनी पत्ता वाचला. "पहारेकरी बाद झाल्यावर हातातला एक पत्ता टाका. पहारेकरी मैदानात परत आणा."

"तिचा हात रिकामा आहे," दीर म्हणाला. "टाकणार काय, डोंबल? आणि टाकला नाही तर परत कसा येईल?"

"टाकायला काही नाही, म्हणून ते राहिलं," मुलगी म्हणाली. "आणायला कुठे अडलंय?"

वहिनींनी दिराचाच एक पत्ता उचलला. "हा वाच."

"हातातला एक पत्ता टाकून दोन पत्ते उचला."

"'टाकून'. म्हणजे टाकलास तरच उचलायचे. तिच्या पत्त्यावर 'टाका', पूर्णविराम, मग 'आणा'. दोन वेगळी कामं आहेत. जमेल तेवढं करायचं, असं पुस्तकात आहे. पहारेकरी परत येतो."

"तू माझी वहिनी आहेस की तिची?"

"घरी तुझी. इथे पंच. पटत नसेल तर दुकानदारांना विचार, शेवटचा शब्द त्यांचा."

दुकानदारांनी पुस्तक चाळलं आणि वहिनींकडे बोट दाखवलं. आणखी दोन खेळ्या झाल्या आणि दीर हरला.

परतताना तो गाडीत खिडकीबाहेर बघत बसला. वहिनींना वाईट वाटत होतं; तो वर्षभर या दिवसासाठी खपला होता. पण त्यांनी सारवासारव केली नाही. निकाल चुकला असता तर त्यांनी माफी मागितली असती. तो चुकला नव्हता.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "घरच्या माणसाला हरवून काय मिळालं गं तुला?"

वहिनी काही बोलायच्या आत दीरच म्हणाला, "आई, तिने नाही हरवलं. मी तो पत्ता नीट वाचलाच नव्हता. मला वाटलं तेच त्यावर लिहिलंय असं धरून चाललो होतो." मग भाजीचं भांडं पुढे सरकवत तो वहिनींना म्हणाला, "माझे सगळे पत्ते एकदा तुझ्यासमोर वाचायचेत. आणखी कुठे कुठे माती खाल्लीय ते कळू दे तरी."

तसं सुरू झालं. स्पर्धेआधी तासभर वहिनी माडीवर बसायच्या आणि ज्याला अडेल तो आपला पत्ता घेऊन यायचा. 'किंवा' कुठे, 'आणि' कुठे, 'शकता' म्हणजे सक्ती नाही, यावर वाद रंगायचे. औषधांच्या दुकानातली मुलगी हटकून यायची आणि दिराशी हुज्जत घालायची. दीर आता हरला तरी चरफडत नसे. आधी पत्ता परत वाचायचा.

उन्हाळ्यात मोठ्या स्पर्धेसाठी मुख्य पंच म्हणून वहिनींना बोलावणं आलं. सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्याच फेरीत लांबच्या टेबलावरून कोणीतरी तावातावाने हात वर केला. वहिनी घाई न करता तिथे गेल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आवाज खाली. पत्ता द्या इकडे."